बेसबॉलचं मैदान पाहावं कसं, जोखावं कसं

क्रिकेटमध्ये खेळपट्टी बदलते, बेसबॉलमध्ये मैदानच बदलतं. एका बेसपासून, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यापासून, दुसरा ९० फूट, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून बॅटरची होम प्लेट ६० फूट ६ इंच, ही मापं अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या तीसही संघांकडे तंतोतंत सारखी. त्या चौकोनापलीकडची भिंत मात्र किती लांब, किती उंच आणि कुठे वळलेली, हे प्रत्येक शहरानं हाताशी असलेल्या जागेप्रमाणे ठरवलेलं. १९५८नंतरच्या मैदानांसाठी नियमात किमान अंतरं दिली आहेत, पण अपवादही भरपूर आहेत.

बॉस्टनचं फेनवे पार्क घ्या. हे १९१२चं, मेजर लीगमधलं सर्वात जुनं मैदान. डावीकडची भिंत होम प्लेटपासून जेमतेम ३१० फुटांवर आणि तिची उंची ३७ फूट. दुसरीकडे सोपा झेल ठरला असता असा उंच चेंडू इथे भिंतीवर आपटून बॅटरला दोन बेस देऊन जातो. उलट, दुसरीकडे होम रन (थेट भिंतीपलीकडे जाणारा फटका) झाला असता असा सपाट, सणसणीत फटका भिंतीला लागून परत येतो आणि बॅटर पहिल्याच बेसवर अडकतो. म्हणून मैदान जोखायला निघालात की खुर्ची, पडदा, खाणं हे सगळं नंतर. आधी विचारायचं ते एवढंच: हे मैदान खेळाचं काय करतं, आणि ते तुमच्या जागेवरून दिसतं का?

सामना कुठला निवडावा

हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो, साखळी सामने सप्टेंबरअखेरीस संपतात. प्रत्येक संघाचे घरच्या मैदानावर ८१ सामने असतात. अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेल्या आईबाबांचा मुक्काम बहुधा याच महिन्यांत पडतो, तेव्हा त्यांनाही धरूनच आखणी करा.

मैदान जोखण्यासाठी मंगळवार ते गुरुवारमधला संध्याकाळचा सामना सर्वात चांगला. गर्दी मध्यम असते, फिरता येतं, तिकीट स्वस्त मिळतं आणि सामन्याआधीचा बॅटिंगचा सराव पाहायला मिळण्याची शक्यता जास्त असते. आदल्या रात्री सामना झाला असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या सामन्याआधी हा सराव बहुतेकदा होत नाही. तिकिटाचे दर मागणीप्रमाणे रोज बदलतात. यांकीज किंवा डॉजर्ससारखे लोकप्रिय संघ पाहुणे असले की तीच खुर्ची महागते. टोपी किंवा बाहुली फुकट वाटण्याचा दिवस असेल तर गेटवर लांब रांगा लागतात, म्हणून पहिल्या भेटीसाठी तो टाळा.

ऋतूही पाहा. शिकागोच्या रिग्ली फील्डची भिंत वेलींनी झाकलेली असते, पण एप्रिलमध्ये त्या वेली म्हणजे नुसत्या तपकिरी काड्या. हिरवी भिंत पाहायची असेल तर जूननंतर जा. बॉस्टन आणि शिकागोत एप्रिलच्या रात्री जाड जाकीट लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कवर तर ऐन जुलैतही सूर्य कलला की खाडीवरून गार वारा सुटतो. दुपारी जवळच्या सनीव्हेल गावाहून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निघालेला माणूस नऊपैकी सहाव्या इनिंगला (डावाला) कुडकुडत असतो.

जागा निवडणं: इथे घाई करू नका

आधी दिशा समजून घ्या. बॅटरच्या नजरेनं उजवीकडे पहिला बेस, डावीकडे तिसरा. होम प्लेटवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी, असं नियमपुस्तक सुचवतं. त्यामुळे कलता सूर्य बॅटरच्या पाठीशी राहतो. प्रेक्षकासाठी याचा अर्थ असा की होम प्लेटमागचे आणि तिसऱ्या बेसकडचे स्टँड आधी सावलीत जातात, तर पहिल्या बेसच्या पुढच्या आणि उजव्या आउटफिल्डच्या (बेसच्या चौकोनापलीकडच्या भागाच्या) प्रेक्षकांच्या तोंडावर मावळतीचं ऊन येतं. जूनमध्ये बॉस्टनला सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो. सामना सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला तर उजवीकडच्या प्रेक्षकाला पहिला तासभर डोळ्यांवर हात धरून पाहावं लागतं. सगळी मैदानं ही दिशा पाळत नाहीत, डेट्रॉईटच्या कोमेरिका पार्कची रेषा दक्षिणेकडे झुकलेली आहे. म्हणून तिकीट काढण्याआधी उपग्रह नकाशावर मैदान उघडा, होम प्लेट शोधा, तिथून दुसऱ्या बेसवरून सरळ रेष ओढा आणि पश्चिम कुठे येते ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग अडथळे. ते चार प्रकारचे असतात, आणि तिकिटाच्या नकाशावर त्यांतला फार तर एक दिसतो.

पहिला अडथळा खांब. फेनवे आणि रिग्ली या जुन्या मैदानांत वरचं छत लोखंडी खांबांवर उभं आहे. खांबामागची खुर्ची मिळाली तर पिचर तरी दिसेल किंवा बॅटर तरी, दोघं एकदम नाहीत. अशा काही जागांवर ‘दृश्य अडलेलं’ अशी नोंद असते, पण अर्धवट अडलेल्या जागांवर ती असेलच असं नाही. चाहत्यांनी त्या त्या सेक्शनमधून काढलेले फोटो जालावर सापडतात. रांगेचा आकडा जुळवून ते पाहा.

दुसरा, वरच्या मजल्याचा पुढे आलेला सज्जा. खालच्या मजल्यावर शेवटच्या पाच-सहा रांगांत बसलात तर सावली मिळते, पाऊस लागत नाही, पण उंच उडालेला चेंडू सज्ज्याआड नाहीसा होतो आणि तो कुठे पडणार हे फिल्डरच्या धावण्यावरून ओळखावं लागतं. मोठा स्कोअरबोर्डही अर्धा कापला जातो. माझ्या मते बेसबॉलमध्ये यापेक्षा मोठं नुकसान नाही, कारण या खेळातली निम्मी उत्कंठा चेंडू हवेत असतानाच्या चार-पाच सेकंदांत असते.

तिसरा, कठडा. वरच्या मजल्याची पहिली रांग हौसेनं घेतली जाते, आणि बसल्यावर कठड्याची दांडी नेमकी होम प्लेटवर आडवी येते. चौथी किंवा पाचवी रांग घ्या.

चौथा, खुर्चीचा कोन. हा सर्वात फसवा. फेनवेच्या उजव्या कोपऱ्यातल्या कमी आकड्यांच्या सेक्शनमध्ये खुर्च्या होम प्लेटकडे नव्हे, समोरच्या आउटफिल्डकडे तोंड करून आहेत. तिथे तीन तास मान डावीकडे वळवून बसावं लागतं. नवीन मैदानांत खुर्च्या आतल्या बाजूला वळवून बसवलेल्या असतात. आत गेलात की खुर्चीत सरळ बसून नाक कुठे रोखलंय ते पाहा. पिचर आणि होम प्लेटच्या मधल्या जागेकडे असेल तर उत्तम.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं आणि मैदान समजून घ्यायचं आहे त्यानं वरच्या मजल्यावर, होम प्लेटच्या बरोब्बर मागे, चौथ्या ते दहाव्या रांगेत बसावं. खेळाडू लहान दिसतील, पण भिंतीचा पूर्ण आकार, फिल्डरची मांडणी आणि चेंडूची अख्खी वाट तिथूनच उलगडते. डगआउटमागच्या (खेळाडूंच्या बाकांमागच्या) महागड्या खुर्चीतून टाकलेल्या चेंडूचा वेग अंगावर येतो, पण चेंडू किती खोल गेला हे कळत नाही. सोबत ज्येष्ठ असतील तर मात्र हा सल्ला बदला. वरच्या मजल्याचे जिने बहुतेक ठिकाणी खडे असतात आणि रांगेत शिरताना धरायला काही नसतं. त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर, आत येण्याच्या बोगद्याजवळची, मार्गालगतची खुर्ची घ्या. व्हीलचेअरच्या जागा आणि सोबत्याची खुर्ची तिकीट काढतानाच वेगळ्या निवडता येतात.

२०२०पासून सगळ्या मैदानांवर संरक्षक जाळी दोन्ही डगआउटच्या पुढेपर्यंत वाढवली आहे. जाळीतून पाहायची सवय दहा मिनिटांत होते. लहान मूल बरोबर असेल तर जाळीमागेच बसा, कारण जाळी संपते तिथे फाउल झालेला, म्हणजे रेषेबाहेर गेलेला, चेंडू फोनमधून डोकं वर काढायच्या आत येऊन आदळतो.

पिशवी, डबा, गाडी

तिकीट फोनवरच असतं. लीगच्या ‘बॉलपार्क’ ॲपमध्ये ते घरूनच उतरवून वॉलेटमध्ये टाका. गेटवर हजारो फोन एकदम चालू असताना नेटवर्क दगा देतं, म्हणून बॅटरी भरलेली हवी. आत बहुतेक ठिकाणी रोख चालत नाही.

पिशवीचे नियम प्रत्येक मैदानाचे वेगळे. कुठे १६ बाय १६ बाय ८ इंचांपर्यंतची मऊ पिशवी चालते, कुठे फक्त पारदर्शक, कुठे पाठीवरची सॅक अजिबात नाही. निघण्याआधी संघाच्या संकेतस्थळावर त्याच हंगामाचा नियम वाचा. बाहेरचं खाणं अनेक मैदानं आत नेऊ देतात, हे आपल्याकडच्या स्टेडियमची सवय असलेल्यांना खरं वाटत नाही. मात्र स्टीलचा डबा गेटवर अडतो. धपाटे, थालीपीठ, भडंग झिपच्या पारदर्शक पिशव्यांत एकेका माणसापुरतं भरा. पाण्याची सीलबंद प्लास्टिक बाटली बहुतेक ठिकाणी चालते. काच आणि कॅन मात्र चालत नाहीत.

शक्य असेल तिथे गाडी घरी ठेवा. फेनवेला ग्रीन लाइन मेट्रोनं जा आणि केनमोरला उतरा. त्याच मार्गाच्या एका फाट्यावर ‘फेनवे’ नावाचं स्टेशन आहे, नाव वाचून तिथे उतरणारे उगाच लांबून चालत येतात. रिग्लीसाठी रेड लाइनवरचं ॲडिसन. न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कच्या सिटी फील्डला जायचं तर पेन स्टेशनपर्यंत न्यू जर्सी ट्रान्झिट आणि तिथूनच लाँग आयलंड रेल्वेनं मेट्स-विलेट्स पॉइंट. सनीव्हेल किंवा माउंटन व्ह्यूहून ओरॅकल पार्कला कॅलट्रेन सोपी, शेवटच्या स्टेशनापासून मैदान पायी दहा मिनिटांवर. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच लिहून ठेवा.

आत शिरण्याआधी आणि शिरल्यावर

सात-दहाच्या सामन्यासाठी पावणेपाचला पोहोचा. गेट साधारण दीड ते दोन तास आधी उघडतात. तोवर मैदानाला बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. मैदान शहरात मिसळलेलं आहे की पार्किंगच्या डांबरी समुद्रात एकटं उभं आहे, हे इथेच कळतं. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कला जाणारा क्लेमेंटे पूल सामन्याच्या दिवशी वाहनांना बंद करतात, लोक पुलावरून चालत मैदानात येतात आणि आत बसल्यावर भिंतीपलीकडे तोच पूल आणि शहराच्या इमारती दिसतात. बॉल्टिमोरचं कॅम्डेन यार्ड्स १९९२मध्ये जुन्या रेल्वे गोदामाला लागून उभं राहिलं आणि नंतरच्या कितीतरी मैदानांनी त्याचा कित्ता गिरवला. ओरॅकल पार्कच्या उजव्या भिंतीत बाहेरून कमानी आहेत, तिथे तिकीट नसलेले लोकही उभे राहून काही इनिंग फुकट पाहू शकतात. अशा सोयीला भरभरून गुण द्यावेत.

गेट उघडताच खाण्याकडे वळू नका, थेट आउटफिल्डला जा. यजमान संघ आधी सराव करतो, पाहुणे नंतर, त्यामुळे उशिरा गेलात तर फक्त पाहुणे दिसतील. या वेळेत अनेक मैदानं कुठल्याही तिकिटावर खालच्या रांगांपर्यंत जाऊ देतात. विचारून जा.

आता वही काढा आणि हे टिपा.

भिंतीवर रंगवलेली अंतरं आणि प्रत्येक भागाची उंची लिहा. यांकी स्टेडियममध्ये उजवी फाउल रेषा भिंतीपर्यंत ३१४ फूट आणि भिंत बुटकी, त्यामुळे डावखुऱ्या बॅटरची चंगळ. ओरॅकल पार्कची उजवी रेषा ३०९ फूट असूनही तिथे होम रन कठीण, कारण भिंत २४ फूट उंच आहे आणि पुढे ती झपाट्यानं खोल जाते. जुन्या माहितीवर विसंबू नका. कॅम्डेन यार्ड्सची डावी भिंत २०२२मध्ये मागे नेऊन उंच केली आणि २०२५च्या हंगामाआधी पुन्हा काही भागात पुढे आणली.

फाउल रेषा आणि प्रेक्षक यांच्यात किती मोकळी जागा आहे ते पाहा. ती जितकी कमी तितके तुम्ही खेळाच्या जवळ, आणि तितके झेल कमी, कारण चेंडू प्रेक्षकांत जातो. ओकलंडचं कोलिझियम या बाबतीत दुसऱ्या टोकाला होतं. तिथे फाउलची जागा प्रचंड, पिचर खूश आणि प्रेक्षक दूर.

मध्यभागाच्या भिंतीमागे गडद, रिकामा पट्टा असतो. पांढऱ्या चेंडूच्या क्रिकेटमध्ये काळा साइटस्क्रीन असतो, तसाच हा. काही ठिकाणी ती नुसती हिरवी भिंत असते, काही ठिकाणी झाडं लावलेली. त्याच्या आजूबाजूचे प्रेक्षक किती जवळ आहेत तेही पाहा.

वारा झेंड्यांवरून टिपा, आणि सामन्यात दोनदा पुन्हा टिपा. रिग्लीवर मिशिगन सरोवरावरचा वारा आत येत असेल तर मोठमोठे फटके भिंतीआधीच मरतात, बाहेर जात असेल तर धावांचा पाऊस. डेन्व्हरच्या कूर्स फील्डमध्ये हवाच विरळ. वरच्या मजल्यावरची जांभळ्या खुर्च्यांची एक रांग समुद्रसपाटीपासून बरोब्बर एक मैल उंचीवर आहे. चेंडू लांब जातो म्हणून आउटफिल्ड मोठं केलं, आणि मोठ्या आउटफिल्डमुळे मोकळ्या जागेत पडणारे फटकेही वाढले. इथे केवळ होम रन मोजून मैदान कळणार नाही.

इनिंगप्रमाणे जागा बदला

२०२३मध्ये पिचरनं ठरावीक वेळेत चेंडू टाकावा म्हणून घड्याळ आल्यापासून नऊ इनिंगचा सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपतो, पूर्वी तीन तास लागत. म्हणजे एक अर्धी इनिंग (एका संघाची बॅटिंग) सातएक मिनिटांची आणि मधली विश्रांती दोन-सव्वादोन मिनिटांची. फिरायचं वेळापत्रक याच हिशोबानं बसवा.

पहिल्या तीन इनिंग स्वतःच्या जागेवरून पाहा. चौथ्या इनिंगला मागच्या रुंद मार्गानं पूर्ण फेरी मारा आणि चालताना मैदान किती टक्के वेळ दिसत राहतं ते बघा. नव्या मैदानांचं खरं बलस्थान हेच आहे, आणि जुन्यांची खरी कमजोरीही, कारण फेनवेच्या पोटातून चालताना समोर फक्त विटा आणि माणसं दिसतात. पाचवी इनिंग आउटफिल्डमध्ये उभं राहून, सहावी वरच्या मजल्याच्या एका टोकाला. सातव्याच्या मध्यावर सगळे उठून गातात, तेव्हा आपल्या जागेवर परत असा. सेक्शनमध्ये शिरताना बॅटरचा डाव संपेपर्यंत सेवक थांबवतात, त्यांच्याशी हुज्जत नको, तुमचीही नजर कुणीतरी अडवू नये म्हणूनच तो नियम आहे.

फिरताना खाण्याच्या एका रांगेत घड्याळ लावून उभे राहा. अर्धी इनिंग बुडाली तर चालेल, पूर्ण इनिंग बुडाली तर गुण कापा. शाकाहारी असाल तर शेंगा, पॉपकॉर्न, सॅन फ्रान्सिस्कोचे लसूण लावलेले फ्राइज आणि चीजचे नाचोज सुरक्षित वाटतात, पण बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते आणि व्हेज बर्गर त्याच तव्यावर भाजला जातो. विचारूनच घ्या. स्वच्छतागृहात इनिंगच्या मध्ये जाऊ नका, सगळे तेव्हाच जातात. अर्धी इनिंग चालू असताना जाऊन या.

स्कोअरबोर्डची परीक्षा अशी: शेजारच्या चाहत्याला काही न विचारता पिचरचं नाव, टाकलेल्या चेंडूचा वेग, बॉल-स्ट्राइकची संख्या (किती चेंडू पिचरच्या विरोधात, किती बॅटरच्या विरोधात मोजले) आणि कुठल्या बेसवर कोण आहे हे पाच सेकंदांत सापडतं का? जाहिरातींनी भरलेले अवाढव्य पडदे इथे नापास होतात. फेनवेच्या भिंतीतला फलक आणि रिग्लीचा मधला फलक आजही माणसं हातानं आकडे बदलून चालवतात, आणि धावसंख्या वाचायला त्याइतकं स्पष्ट दुसरं काही नाही.

स्थानिक नियम माहीत करून घ्या, कारण मैदानाचा स्वभाव त्यांतून कळतो. रिग्लीवर चेंडू वेलींत अडकला तर फिल्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोनच बेस मिळतात. त्यानं चेंडू उकरायला हात घातला तर खेळ चालू राहतो.

गुण कसे द्यावेत

शंभरातले ३५ दृश्याला, २५ मैदानाच्या स्वभावाला, १५ वावराला म्हणजे जिने, रांगा आणि फिरण्याच्या सोयीला, १० पोहोचणं आणि परतण्याला, १० खाण्याला, ५ आसपासच्या वस्तीला. खाण्याला याहून जास्त देऊ नका. चांगला बर्गर मैदानाबाहेरही मिळतो. दृश्याचे गुण एका जागेवरून नव्हे, निदान तीन जागांवरून द्या आणि त्यांत सर्वात स्वस्त तिकिटाची एक जागा असलीच पाहिजे. महाग खुर्चीतून सगळीच मैदानं चांगली दिसतात.

चुका ठरलेल्या असतात. यजमान जिंकले की मैदान आवडतं, म्हणून दृश्य आणि वावराचे आकडे सातव्या इनिंगआधीच लिहून टाका. छत उघडं-बंद होणाऱ्या मैदानात, उदाहरणार्थ मिलवॉकी किंवा ह्यूस्टनला, छताची अवस्था वहीत हवीच. बंद छताखालचा आवाज, प्रकाश आणि हवा इतकी वेगळी की ती जवळजवळ दुसरीच जागा. रिकाम्या स्टँडमध्ये रांगा छोट्या आणि आवाज मंद, तेव्हा अंदाजे किती भरलं होतं तेही टिपा. पावसाची शक्यता असेल तर हे लक्षात ठेवा: पाच इनिंग पूर्ण झाल्यावर खेळ थांबला तर तो सामना झाला असं धरलं जातं, आणि मग बदली तिकीट मिळत नाही.

शेवटचा आउट झाला की लगेच उठू नका. दहा मिनिटं बसून राहा आणि स्टँड कसे रिकामे होतात ते पाहा. मग घड्याळ लावून निघा. खुर्चीपासून रस्त्यापर्यंत किती मिनिटं आणि रस्त्यापासून गाडीत बसेपर्यंत किती, हे दोन आकडे लिहिले की वही मिटायला हरकत नाही.